बांबू आमचा, टीपी त्यांचा: मेंढा-लेखाची केस

27 एप्रिल 2011 ला गडचिरोली जिल्ह्यातल्या जेमतेम पाचशे वस्तीच्या एका गोंड गावात केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण दोघंही आले, एवढा बंदोबस्त, एवढ्या गाड्या, आणि गावाला दिलं काय तर एक पावतीपुस्तक. रस्ता नाही, कारखाना नाही, पॅकेज नाही. जंगलातला माल बाहेर न्यायच्या परवान्यांचं पुस्तक. या परवान्याला, म्हणजे ट्रान्झिट पासला, त्या भागात लहान पोरंही टीपी म्हणतात. गावाच्या वतीने देवाजी तोफांनी ते हातात घेतलं. गावाचं नाव मेंढा, तालुका धानोरा, शेजारच्या लेखा गावाबरोबर एकाच ग्रामपंचायतीत म्हणून सगळे मेंढा-लेखा म्हणतात.

मला हे कळलं तेव्हा आमच्या बांधावरचं सागवान आठवलं. आजोबांनी लावलेली सहा झाडं, सातबारा आमचा, राखण आमची. बाबांना घराच्या चौकटींसाठी दोन तोडायची होती. तर झाड तोडायची परवानगी वेगळी, तोडलेलं लाकूड दीड किलोमीटरवर घरी आणायचा परवाना वेगळा, आणि त्याच्याही आधी सातबाऱ्यावर झाडांची नोंद नाही म्हणून तलाठ्याकडे परत. बाबा आठ महिने फिरले, कधी साहेब दौऱ्यावर, कधी पंचनाम्याला माणूस नाही, शेवटी कंटाळून बाजारातून तयार चौकटी आणल्या. ती दोन झाडं आजही बांधावर उभी आहेत आणि बाबा त्यांना "सरकारी जावई" म्हणतात.

तर तेव्हापासून कुणी व्यक्तिस्वातंत्र्य, स्वराज्य, मुक्त बाजार वगैरे मोठे शब्द काढले की माझ्या डोळ्यासमोर परवान्यातला "कोठून – कोठे" हा रकाना येतो. आणि त्या रकान्याची महाराष्ट्रातली सगळ्यात भारी केस म्हणजे मेंढा. आपल्याकडे ही गोष्ट सांगणारे दोन गट आहेत, एक ग्रामस्वराज्यवाले आणि दुसरे बाजारवाले, आणि दोघंही अर्धीच सांगतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी बांबूचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. शाळेतल्या पोराला विचारा, बांबू गवताच्या कुळातला आहे हे पुस्तकात असतं. पण 1927 च्या भारतीय वन कायद्यात "वृक्ष" या शब्दाची जी व्याख्या आहे त्यात ताड-माड, बांबू, बुंधे, झुडपं, वेत सगळं कोंबलेलं होतं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बांबू झाड, म्हणून तोडला तर झाडतोड, नेला तर लाकूड वाहतूक. इंग्रजांनी हे का केलं असेल ते उघड आहे, झाड म्हटलं की ते वनखात्याचं होतं. पण इंग्रज गेल्यावरही ती ओळ सत्तर वर्षं तशीच राहिली, 2017 च्या नोव्हेंबरात वटहुकूम निघून तो शब्द वगळला गेला आणि 2018 च्या सुरुवातीला त्याचा कायदा झाला, तोही फक्त जंगलाबाहेर लावलेल्या बांबूसाठी कामाचा. जंगलातला बांबू राहिला तिथेच.

आणि हा काही शोभेचा बांबू नाही हो. गडचिरोली-चंद्रपूरकडे पावसाळ्यात वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब भाजीला, घराची भिंत कुडाची, सूप-टोपली-डालगं, बैलगाडीचा ताटवा, शेताचं कुंपण, मांडव, तिरडी, काय नाही त्यात. बांबूच्या बेटाला तिकडे रांझी म्हणतात. रांझीतले कोवळे, पहिल्या वर्षाचे बांबू तोडायचे नाहीत, काही जुने आधाराला सोडायचे, आणि एकदा तोडलेल्या भागात दोन-तीन वर्षं पुन्हा कुऱ्हाड न्यायची नाही, हे तिथल्या माणसाला कुणी ट्रेनिंग देऊन शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते टार्गेट असलेल्या ठेकेदाराच्या टोळीला.

आता बांबू जायचा कुठे, तर कागद कारखान्याला. मेंढ्याच्या जंगलातला बांबूही बल्लारपूरच्या कागद कारखान्याला भाडेपट्ट्याने दिलेला होता आणि गावचे लोक त्याच बांबूच्या कटाईवर मजूर. असे करार देशभर होते. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी कर्नाटकातला हिशोब कधीच मांडून ठेवलाय, तिथे कागद गिरण्यांना बांबू टनाला दीड रुपयाने मिळायचा आणि बुरुडाला तोच बांबू बाजारात टनाला हजाराच्या वर पडायचा. हा आकडा मी दोनदा वाचला, टायपिंग मिस्टेक असेल म्हणून. नाहीये.

इथे बाजारवाल्या मित्रांना एक सांगायचंय. तुम्ही म्हणता सरकारने धंद्यात पडू नये, बरोबर. पण दीड रुपया टन हा धंदा नव्हता, ही खिरापत होती, एकाला खिरापत आणि दुसऱ्याला परवाना. मुक्त बाजार तर सोडाच, तिथे बाजारच नव्हता. विकणारा सरकार, घेणारा एक कारखाना, भाव मंत्रालयात, आणि ज्याच्या दारात माल उगवतो त्याला मजुरीचा दर. विदर्भातल्या कापूसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, 1972 पासून पुढे जवळपास तीस वर्षं एकाधिकार खरेदीत आपलाच कापूस आपण पणन महासंघाशिवाय कुणाला विकू शकत नव्हतो आणि राज्याच्या सीमेपलीकडे भाव जास्त असला तरी गाडी नाक्यावर अडायची. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही शेतकरी संघटनेची घोषणा त्याच काळातली. फरक इतकाच की कापूसवाल्याकडे निदान सातबारा होता. मेंढावाल्यांकडे जंगलाचा कागदच नव्हता, पिढ्यानपिढ्या राहूनसुद्धा ते आपल्याच जंगलात घुसखोर.

गाव मुळात उभं राहिलं ते धरणविरोधी आंदोलनात. 1980 च्या दशकात इंद्रावती-गोदावरीवर इचमपल्ली आणि भोपालपट्टणम अशी मोठी धरणं यायची होती, लालश्याम शहा, बाबा आमटे वगैरे मंडळींनी "जंगल बचाव मानव बचाव" आंदोलन पेटवलं, त्यात मेंढ्याची तरुण पोरं होती, देवाजी तोफा त्यातलेच. धरणं थांबली. पण घरी परतलेल्या लोकांच्या डोक्यात एक प्रश्न राहिला, की बाहेरच्या सरकारला आपण नाही म्हणू शकतो तर आपल्याच गावात आपण काय ठरवू शकतो? त्यातून ती गाजलेली घोषणा आली, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार". गोंडीत त्याचं छोटं रूप आहे, मावा नाटे मावा राज. लोक या घोषणेचा दुसराच भाग लक्षात ठेवतात. पहिला भाग मला जास्त आवडतो, कारण त्यात दिल्ली-मुंबईचं सरकार नाकारलेलं नाही, ते आमचंच आहे असं म्हटलंय, फक्त त्याची हद्द दाखवलीय. गडचिरोलीत, जिथे एका बाजूला बंदूकवाले आणि दुसऱ्या बाजूला बंदूकवाले, तिथे हे वाक्य बोलायला किती डोकं लागलं असेल विचार करा.

याच सुमाराला मोहन हिराबाई हिरालाल या भागात काम करत होते, जेपींच्या म्हणजे जयप्रकाश नारायणांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले, चंद्रपूरच्या वृक्षमित्र संस्थेचे. नाव वाचूनच कळतं, आडनाव टाकून आईचं आणि बापाचं नाव लावलेला माणूस. त्यांनी गावाला पुढारी दिला नाही, अभ्यासगट दिला. म्हणजे लोकांनी बसायचं, एखादा विषय घ्यायचा, बाहेरचा माहितगार बोलवायचा, कायदा वाचायचा, चर्चा करायची, पण अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत. हे वेगळं ठेवणं वरवर फालतू वाटतं पण माझ्या मते सगळ्या केसची किल्ली इथे आहे, कारण आपल्या सोसायटीच्या मिटिंगमध्ये काय होतं ते आठवा, ज्याला विषय माहीत असतो तोच निर्णय ढकलून नेतो आणि बाकीचे चहा पितात. इथे आधी सगळ्यांनी माहितीच्या बाबतीत एका पातळीवर यायचं, मग ठरवायचं.

आणि ठरवायचं कसं, तर सर्वसहमतीने. मतदान नाही. हात वर करून मोजणी नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला. याला वेळ लागतो, दारूबंदीसारखा विषय तर बायकांनी लावून धरला आणि पुरुषांनी लांबवत नेला असा, शेवटी देवाधर्माच्या विधीपुरती सूट ठेवून बाकी बंद असं सगळ्यांना पटेल तिथे येऊन थांबला. बहुमत असतं तर एका रात्रीत ठराव झाला असता आणि दुसऱ्या रात्री कुणाच्या तरी परसात भट्टी लागली असती.

व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने बघितलं तर ही भन्नाट गोष्ट आहे. एकट्या माणसाला नकाराधिकार! आपली लोकशाही एकावन्न टक्क्यांना एकोणपन्नासांवर बसवते, इथे एका म्हातारीने नाही म्हटलं तर गाव थांबतं. पण मी गावातला माणूस आहे त्यामुळे मला दुसरीही बाजू दिसते. ज्या सभेत कोण नाही म्हणालं हे सगळ्यांना दिसतं तिथे नाही म्हणायला छाती लागते, आणि चार सभा तुमच्यामुळे विषय अडला की विहिरीवर, फडीवर म्हणजे तेंदूपानं गोळा होतात तिथे, लग्नात लोक तुमच्याकडे कसं बघतात ते गावात राहिलेल्यालाच कळेल. सर्वसहमती हट्टी माणसाला सांभाळते, भित्र्याला नाही. भित्र्याला गुप्त मतदान सांभाळतं. मेंढ्याने याच्यावर काय उपाय केला तर औपचारिक असा काही नाही, बायकांनी सभेत बोलायचंच अशी सवय मात्र मुद्दाम लावली, आणि सतत अभ्यासगट चालू ठेवल्याने विरोध हा भांडण न वाटता प्रश्न वाटायला लागला. पाचशे लोकांत जमलं. पाच हजारांत जमेल असं मला वाटत नाही, आणि तसा दावाही ते करत नाहीत.

आता कायद्याकडे. 1996 ला पेसा हा पंचायतींचा कायदा आला, अनुसूचित म्हणजे आदिवासीबहुल क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली. कागदावर क्रांती. महाराष्ट्राने 1997 ला त्याप्रमाणे कायदा केला आणि गौण वनोपजांची यादी दिली, त्यात बांबू आणि तेंदू, म्हणजे विडीचं पान, नाहीत! म्हणजे मोह घ्या, हिरडा घ्या, चारोळी घ्या, डिंक घ्या, पण ज्या दोन मालात खरा पैसा आहे ते दोन सरकारकडे. 2014 मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने ते दोन्ही आत आले. मधली सतरा वर्षं मालकी कशाची, तर ज्याला गिऱ्हाईक कमी त्याची.

मग 2006 चा वनहक्क कायदा. याने मात्र गंमत केली, गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू स्पष्ट शब्दात लिहिला. आणि हक्क काय दिला, तर गोळा करणे, वापरणे आणि विल्हेवाट लावणे, म्हणजे विकणेसुद्धा. मेंढा आणि त्याच जिल्ह्यातलं मर्दा या दोन गावांनी सामूहिक वनहक्काचे दावे टाकले आणि 2009 मध्ये देशात पहिल्यांदा त्यांना हक्काचे कागद मिळाले, मेंढ्याला सुमारे 1,809 हेक्टर जंगल. योगायोग बघा, त्याच 2009 ला एलिनोर ऑस्ट्रॉम बाईंना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, सामूहिक मालकीची कुरणं-जंगलं-पाणी लोक स्वतःचे नियम करून नीट चालवू शकतात, सरकार किंवा खाजगी मालक असे दोनच पर्याय नसतात हे त्यांनी आयुष्यभर दाखवलं म्हणून. मेंढ्यातल्या, कठाणी नदीकाठच्या माणसाला स्टॉकहोमची बातमी कळली की नाही कुणास ठाऊक.

आता असं वाटेल की संपली केस. मालकी मिळाली, विका आता. तर नाही. गावाने बांबू काढला आणि टीपी मागितला. वनखातं म्हणालं, देता येत नाही. का? तर वन कायद्याप्रमाणे बांबू झाड आहे. पण वनहक्क कायद्यात गौण वनोपज लिहिलंय. हो, पण आमच्याकडे तशी सूचना नाही. शिवाय 2008 च्या नियमांत "विल्हेवाट" याचा अर्थ काय लिहिला होता ते वाचण्यासारखं आहे, स्थानिक पातळीवर प्रक्रिया, उपजीविकेसाठी विक्री, आणि वाहतूक डोक्यावरून, सायकलवरून किंवा हातगाडीने. ट्रक नाही, ट्रॅक्टर नाही. म्हणजे हजारो बांबू तुमच्या मालकीचे आहेत, आता ते डोक्यावर घेऊन जा आणि आठवडी बाजारात विका. ज्याने हा नियम लिहिला त्याच्या डोक्यातला आदिवासी म्हणजे मोळी घेऊन चाललेली बाई, त्याला व्यापारी आदिवासी हा शब्दच सुचलेला नाही. त्याला जगू द्यायचंय, पण कमवू द्यायचं नाहीये. मला या एका ओळीचा जितका राग येतो तितका वनखात्याच्या नकाराचा येत नाही, कारण खातं निदान उघड उघड अडवत होतं, ही ओळ प्रेमाने अडवत होती.

गावाने मग काय केलं? मोर्चा नाही काढला, रस्ता नाही अडवला. विक्री केली. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना थोडे थोडे बांबू रीतसर विकले, आणि घेणाऱ्यांनी माल न्यायला टीपी मागितला. प्रश्न आता आदिवासींच्या हक्काचा राहिला नाही, गिऱ्हाईकाचा झाला. मी पैसे देऊन माल घेतलाय, तो मला माझ्या घरी का नेता येत नाही? खात्याने पुन्हा नाही म्हटलं, बातम्या झाल्या, दिल्लीपर्यंत गेल्या. मार्च 2011 मध्ये जयराम रमेशांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की बांबूला गौण वनोपज माना आणि जिथे सामूहिक हक्क मिळालेत तिथे टीपी ग्रामसभेने द्यावा. महिन्याभरात ते स्वतः मेंढ्यात, हातात पुस्तक.

त्या पुस्तकाचं महत्त्व कळायला एकदा टीपी डोळ्यासमोर आणा. मालाचा प्रकार, नग किती, लांबी किती, कुठून निघाला, कुठे चालला, गाडी नंबर, कुठल्या तारखेपर्यंत चालेल, आणि खाली सही. नाक्यावरचा माणूस बाकी काही वाचत नाही, सही आणि शिक्का बघतो. इतकी वर्षं तिथे रेंजर साहेबांची सही असायची. आता ग्रामसभेने नेमलेल्या माणसाची. कागद तोच, रकाने तेच. पुढे 2012 च्या सप्टेंबरात नियमच बदलले, डोक्यावरून-सायकलवरून ही भानगड काढून योग्य त्या कुठल्याही साधनाने वाहतूक करता येईल असं झालं आणि परवाना ग्रामसभेच्या समितीने किंवा तिने नेमलेल्या माणसाने द्यायचा असं लिहिलं गेलं. एका गावाने भांडून सगळ्या देशाचा नियम बदलला, आणि गंमत म्हणजे ते भांडण मालकीचं नव्हतंच, मालकी आधीच मिळाली होती, भांडण विकायचं होतं.

पुढचा भाग ग्रामस्वराज्यवाले पटकन उरकतात, म्हणून मी इथे थांबतो. पुस्तक मिळाल्यावर गाव काही बांबूची पूजा करत बसलं नाही. निविदा काढली, व्यापारी बोलावले, भाव तोलले, करार केला. कटाईची मजुरी स्वतः ठरवली, खात्याच्या दरापेक्षा चांगली. पहिल्याच मोसमात कोटीच्या घरात विक्री गेली. ग्रामसभेच्या नावाने पॅन कार्ड काढलं, बँक खातं, हिशोब सभेत वाचून दाखवायचा. मजुरीतला दहा टक्के वाटा गावच्या कोषात टाकायची पद्धत आधीपासूनच होती, तीच सवय इथे कामाला आली. एक लक्षात घ्या, हे सगळं दुकानदाराचं काम आहे. वजनकाटा, पावती, टॅक्स, उधारी. स्वराज्य म्हटलं की आपल्याला मशाली दिसतात, प्रत्यक्षात त्यात निम्मं काम कॅशबुकचं असतं.

आणि बाजार काही देवमाणूस नाही, हेही त्या भागाने बघितलं. मेंढ्यानंतर गडचिरोली-गोंदियातल्या शेकडो ग्रामसभांनी तेंदू स्वतः विकायला घेतला. तेंदूचं गणित वेगळं, सत्तर पानांचं एक पुडकं, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी, उन्हाळ्यातले जेमतेम दोन-तीन आठवडे, पान वाळलं की वाळलं. 2017 ला भाव आभाळाला भिडले, ग्रामसभा खुश, ठेकेदारांनी एकमेकांवर चढून बोल्या लावल्या. त्याच वर्षी जीएसटी आला आणि तेंदूपानावर 18 टक्के लागला, पुढच्या हंगामात भाव धाडकन खाली. काही ठेकेदारांनी माल उचलून पैसे बुडवले, कुठे कुठे वर्षानुवर्षं वसुली चालू आहे. लगेच लोक म्हणायला लागले बघा, आदिवासींना व्यापार जमत नाही, खात्याकडेच द्या परत. हे ऐकून मला हसू येतं. नाशिकच्या द्राक्षवाल्याला दरवर्षी कुठला ना कुठला व्यापारी टोपी घालतो, कुणी म्हणतं का की द्राक्षं आता कलेक्टर विकतील? फसवलं जाण्याची शक्यता असते म्हणूनच माणूस करार वाचायला शिकतो, आगाऊ रक्कम मागायला शिकतो, चार गावं मिळून एकत्र लिलाव करायला शिकतो, आणि हे सगळं तिथे झालंय. मात्र करार मोडणाऱ्याला धरायला पोलीस आणि कोर्ट वेळेत मिळायला पाहिजे, ते मिळत नाही, आणि तिथे सरकारची खरी गरज आहे तर तिथेच सरकार नसतं.

उलटं उदाहरणही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव, त्यांनाही 2012 मध्ये सामूहिक हक्क मिळाला, बांबू विकून गाव उभं राहिलं. तेंदूही विकता आला असता. पण तेंदूसाठी जंगलात आगी लावतात, फांद्या छाटतात, म्हणून त्यांनी तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. मिळणारा पैसा सोडला. खात्याने "तेंदू बंद" म्हटलं असतं तर त्याच गावाने मोर्चा काढला असता, यात मला शंका नाही.

आता सगळ्यात अवघड भाग, ज्याच्यावर माझं माझ्याशीच जमत नाही. 2013 मध्ये मेंढ्याने ग्रामदान केलं. जंगल नव्हे, स्वतःची शेतजमीन. 1964 चा महाराष्ट्र ग्रामदान कायदा आहे, विनोबांच्या चळवळीतून आलेला, तो कपाटात पडून होता, यांनी तो काढला. जमिनीची मालकी ग्रामसभेकडे, कसणं मूळ मालकाकडेच, पोराबाळांना वारसाने मिळणार, विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी, आणि बाहेरच्याला विकायची नाही. शिवाय ग्रामदानी गावाला ग्रामपंचायतीचे अधिकार मिळतात, म्हणजे लेख्याच्या पंचायतीत एक वॉर्ड म्हणून राहण्यापेक्षा स्वतःचं सरकार. सरकारने याची पूर्ण अंमलबजावणी करावी म्हणून गावाला पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागला, कोर्टाची पायरीही चढावी लागली.

बाजारवाला मित्र इथे तुटतो. म्हणतो, बांबूच्या वेळी तुम्ही म्हणालात विकायचा हक्क नसेल तर मालकी म्हणजे नुसती राखणदारी, मग जमिनीचा विकायचा हक्क स्वतःच्या हाताने कसा सोडला? मुद्दा कडक आहे आणि मी तो टाळणार नाही. माझं अर्धं उत्तर असं की तो हक्क त्यांच्याकडे होताच कुठे? महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय जातच नाही, त्यामागे कारणही आहे, सावकारांनी दारूच्या बाटलीवर शेतं लिहून घेतलेली आहेत. म्हणजे नाही म्हणायचा अधिकार आधीच एका टेबलावर होता, जिल्ह्याच्या ठिकाणी. गावाने तो टेबल उचलून घोटुलासमोर, म्हणजे गोंड गावाच्या सामूहिक घरासमोर, आणून ठेवला. कलेक्टरला तुम्ही ओळखत नाही, ग्रामसभेत तुम्ही स्वतः बसता आणि तिथे तुमच्या एकट्याच्या नाहीला किंमत आहे. या अर्थाने माणसाचं स्वातंत्र्य वाढलं.

पण हे अर्धंच उत्तर. ज्यांनी 2013 मध्ये हो म्हटलं त्यांनी स्वतःच्या मर्जीने म्हटलं, ठीक, करार करायचं स्वातंत्र्य म्हणजे स्वतःला बांधून घ्यायचंही स्वातंत्र्य. त्या वर्षी तिसरीत असलेल्या पोराचं काय? तो उद्या शिकून पुण्याला कंपनीत लागला, त्याला शेत नको, फ्लॅटचं डाउन पेमेंट हवंय, शेजारच्या तालुक्यात भाव दिसतोय. त्याला कुणी विचारलं होतं? वारसाने त्याला कसायचा हक्क मिळाला पण बाहेर पडायचा रस्ता बापाने बंद केलेला. मला वाटतं या केसमध्ये खरं भोक हे आहे, की आत यायला सर्वसहमती आहे पण बाहेर पडायला दार नाही, किंवा आहे ते फार अरुंद आहे. मी कायदा लिहिणारा असतो तर दर पंचवीस वर्षांनी, नवीन पिढी मोठी झाली की, पुन्हा एकदा हो-नाही विचारायची सोय ठेवली असती. एकाशी बोलताना हे म्हटलं तर तो म्हणाला, "काहून बाप्पा, तुमच्या राज्यघटनेले विचारते का दर पंचवीस वर्षांनी?" यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

बाकी आमच्याकडे 2018 नंतर एक बदल झालाय. परसात आईने कधीतरी लावलेली बांबूची रांझी आता कायद्याने झाड राहिली नाही, त्यामुळे यंदा मांडवासाठी पंधरा बांबू तोडले आणि ट्रॉलीत टाकून आणले, कुणी विचारलं नाही. बाबा ट्रॉलीत मागे बसले होते. बांधावरून जाताना सागवानाकडे बघून म्हणाले, "याले कधी गवत करतात का पाहा जरा."